तटाच्या आतला माणूस

चिमाजी आप्पा आणि सदाशिवरावभाऊ या बापलेकांची ओळख मराठी वाचकाला वेगळी करून द्यावी लागत नाही. बापाने वसई घेतली आणि लेक पानिपतावर पडला, एवढे शाळेच्या पुस्तकापासूनच मनात बसलेले असते. पण या दोघांच्या समोर कोण उभे होते, असे विचारले की उत्तरे एकदम निराळी येतात. भाऊंसमोर अहमदशहा अब्दाली होता, हे कोणीही क्षणात सांगतो, आणि सांगताना त्याच्या डोळ्यांपुढे दाढीवाला, क्रूर, गडगडाटी हसणारा एक चेहराही उभा राहतो. आप्पांसमोर कोण होता, या प्रश्नाला मात्र ‘पोर्तुगीज’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. बापाच्या शत्रूला चेहराच नाही आणि लेकाच्या शत्रूला एकच चेहरा आहे. गेली काही वर्षे मी चिमाजी आप्पांचे चरित्र लिहिण्यात गुंतले आहे आणि या दोन्ही गोष्टींनी मला सारखेच अडवून धरले आहे. लढाईच्या धामधुमीत सेनापती जे ठरवतो, त्यातले निम्मे तरी त्याने कधी न पाहिलेल्या एका माणसाला उद्देशून ठरवलेले असते. तो माणूस कागदावरून पुसला, की आपला नायक मोकळ्या मैदानात वार करत सुटल्यासारखा दिसू लागतो.

ठाण्यात राहून हे काम करणाऱ्याला तर ही अडचण रस्त्यातच भेटते. आमच्या शहरातला किल्ला पोर्तुगिजांनी बांधायला घेतला होता आणि तो पुरा होण्याआधीच १७३७ च्या वसंतात मराठ्यांच्या हाती पडला. त्याच सुमारास थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले होते, त्यामुळे इकडची बातमी तिकडच्या बातमीखाली झाकली गेली. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले, किल्ल्याचा तुरुंग केला आणि तो आजतागायत तुरुंगच आहे. राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये याच तटाआड फाशी झाली. अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना १९१० मध्ये इथेच फासावर चढवले. ठाणेकराच्या मनात या दगडांची जी ओळख आहे ती या हुतात्म्यांची आहे, आणि ती तशीच असली पाहिजे. परंतु हा तट कोणाला रोखण्यासाठी उभारला जात होता, तो अर्धवट का राहिला, आणि तो सोडून जाणाऱ्या माणसांच्या पोटात त्या दिवशी काय कालवले असेल, हे प्रश्न त्या भिंतीजवळून रोज जाणाऱ्या हजारो माणसांपैकी फारसे कोणी विचारत नाही. तलावपाळीवर मासुंद्याच्या काठी कौपिनेश्वराचे देऊळ आहे, त्याचा जीर्णोद्धार मराठी अमलात झाला. त्याच तलावापासून हाकेच्या अंतरावर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे, त्याची मुळे पोर्तुगीज अमलात आहेत. लढाईच्या दोन्ही बाजू इथे शेजारी राहतात. आमच्या पुस्तकांत मात्र त्यांतली एकच बोलते.

याचे पहिले कारण कागदांत आहे, आणि चरित्रकाराने ते सांगून टाकलेलेच बरे. मराठ्यांच्या बाजूचे कागद विपुल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड निघाले, त्यांत वसईच्या मोहिमेची कितीतरी पत्रे आहेत. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासून चालत आलेल्या संस्थेत बसून कोणालाही असा छापील पत्रव्यवहार वाचता येतो. त्यात बायाबापड्यांची खुशाली आहे, दारूगोळ्याची मागणी आहे, कोणी आजारी पडल्याची आणि कोणी रुसल्याची हकिगत आहे. आपले गुरू धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांना आप्पांनी लिहिलेल्या मजकुरात वेढ्याचे वर्णन येते, तेव्हा मोर्चातली धूळ वाचणाऱ्याच्या घशात जाते. पोर्तुगिजांचे कागद गोव्याला आणि लिस्बनला. भाषा परकी, लिपीचे वळण परके, आणि पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या एखाद्या व्यासंगी माणसाने गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घातले नसते, तर तेवढेही आपल्यापर्यंत आले नसते. चरित्रकाराला आप्पांच्या मनात शिरायला हमरस्ता आहे आणि समोरच्या माणसाच्या मनात शिरायला पाऊलवाट. ती पाऊलवाट अवघड असली तरी नाही असे मात्र म्हणता येत नाही.

दुसरे कारण घटनांतच आहे. वसईच्या लढाईत पोर्तुगिजांचा एकच एक सेनापती नव्हता. गोव्यात व्हाइसरॉय काउंट द सांदोमिल बसला होता आणि उत्तरेकडच्या मुलखाचा सेनापती बदलत राहिला. ठाणे परत घेण्यासाठी १७३८ च्या अखेरीस पेद्रू द मेलो खाडीतून चालून आला आणि तोफेच्या माऱ्यात मारला गेला. त्याच्या मागून आलेला मार्तिन्यो द सिल्व्हैरा वसईच्या वेढ्यात कामास आला. शरणागतीच्या कागदावर सही करण्याची वेळ आली तेव्हा तो कागद कायतान द सोझा परेरा याच्या पुढ्यात होता, म्हणजे ज्याने युद्ध आखले नव्हते त्याच्या वाट्याला त्याचा शेवट आला. कादंबरीकाराला असा शत्रू अडचणीचा वाटतो, कारण पहिल्या प्रकरणात ज्याचा परिचय करून द्यावा तो मधल्याच प्रकरणात मरतो. मला स्वतःला मात्र हीच या मोहिमेतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. दोन वर्षे एका बाजूला एकच डोके विचार करत होते, आपल्या भावाशी, आईशी, गुरूशी पत्रांतून बोलत होते, आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक नव्या माणसाला आधीच्याचा पराभव वारशात मिळत होता. आप्पांचे मोठेपण दाखवायला याहून चांगला पुरावा कोणता हवा? पण तो हाती येण्यासाठी पेद्रू द मेलो आणि सिल्व्हैरा यांना नावाने ओळखावे लागते, ‘फिरंग्यांचा सरदार’ म्हणून एका ओळीत उडवून लावून भागत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते इथे येऊन ठेपते. परस्परांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन नेत्यांवर लिहिताना लेखकाच्या हाती सर्वांत मोलाची कोणती गोष्ट असेल, तर एकाला दुसऱ्याबद्दल काय माहीत नव्हते, ही. शौर्याची वर्णने पोवाड्यांत येऊन गेलेली असतात, तारखा कोणत्याही पुस्तकात मिळतात. दोन्ही तंबूंत एकाच वेळी उभे राहण्याची मुभा मात्र त्या काळातल्या कोणालाही नव्हती. ती फक्त नंतर येणाऱ्या लेखकाला मिळते, आणि ती मिळाल्यावर त्याने एकाच तंबूत बसकण मारली तर त्याने हातातले अर्धे धन टाकून दिले असे मी समजते.

वसईच्या शेवटच्या महिन्यांकडे या दृष्टीने पाहिले की सगळा वेढा वेगळाच दिसू लागतो. १७३९ च्या आरंभी मराठ्यांनी तारापूर घेतले, तिथे बाजी भिवराव पडले, आणि मग वसईला फास आवळला गेला. आप्पांची प्रकृती आधीच नाजूक, छातीच्या दुखण्याने पोखरलेली. त्यात उत्तरेकडून नादिरशहा दिल्लीत शिरल्याची बातमी आली. बाजीरावांना फौज तिकडे हवी होती आणि वसईचा निकाल लागल्याशिवाय ती मोकळी होत नव्हती. समोर पावसाळा होता. मे उलटून मृग लागला असता, तर त्या खारट, चिखलाच्या जमिनीत मोर्चे टिकवणे जवळजवळ अशक्य झाले असते. म्हणजे बाहेरचा माणूस तीन बाजूंनी घाईत होता. आतल्या माणसाला पावसाचा हिशेब कळत होता, पण पुण्याकडून आणि बाजीरावांकडून येणाऱ्या निरोपांचा ताण त्याला कुठून कळणार? त्याला दिसत होते ते एवढेच की बाहेरची माणसे संपत नाहीत. दुसरीकडे, गोव्याहून मदत येईल या आशेवर आतले लोक झुंजत होते आणि त्याच सुमारास व्यंकटराव घोरपड्यांची फौज गोव्याच्या मुलखात शिरून बसली होती, त्यामुळे व्हाइसरॉयला स्वतःचेच घर राखणे कठीण झाले होते. मुंबईच्या इंग्रजांकडून थोडा दारूगोळा आणि तारणावर दिलेली थोडी रोकड याखेरीज फारसे काही हाती लागले नाही. आतली दारू किती उरली आहे याचा नेमका अंदाज आप्पांना असण्याची शक्यता नव्हती. दोघेही वेळेशी झगडत होते आणि आपण एकटेच झगडतो आहोत अशी दोघांचीही समजूत होती. शेवटच्या हल्ल्यात सुरुंग पेटवले तेव्हा काही वेळेवर उडाले, काही उशिरा उडून चढाई करणाऱ्या आपल्याच माणसांवर आले. मराठ्यांची हानी पाच हजारांच्या घरात सांगितली जाते, पोर्तुगिजांची आठशेच्या. किल्ला घेणाऱ्याने देणाऱ्यापेक्षा कितीतरी पट अधिक माणसे गमावली, हे विजयाच्या वर्णनांत सहसा ठळक होत नाही. पण आप्पांना त्या दिवसांत काय वाटत असेल, हे याच आकड्यांवरून उमगते.

किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझे मस्तक तरी किल्ल्यात जाऊन पडेल, असे आप्पा म्हणाले, ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. चरित्रात मी तिला आख्यायिका म्हणूनच जागा देणार आहे, तिचा अव्हेर करणार नाही. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या वेढ्याने लोकांच्या मनावर केवढा ओरखडा काढला होता याची ती साक्ष आहे. कादंबरीकाराला ती जशीच्या तशी वापरण्याचा मोह होतो, आणि त्याला तो हक्क आहे असेही मी म्हणेन. अट एवढीच, की ते वाक्य उच्चारताना ऐकणाऱ्याच्या पलीकडे तटावर उभा असलेला माणूसही वाचकाला दिसला पाहिजे.

आमच्या नौपाड्यात काही वाचकांचे एक छोटे मंडळ जमते. तिथे एका तरुण लेखकाने याच मोहिमेवरच्या आपल्या कादंबरीची दोन प्रकरणे वाचून दाखवली होती. भाषा घोटीव, अभ्यास कसून केलेला, आप्पांचा आजार तर त्याने फार हळुवारपणे रंगवलेला. वाचन संपल्यावर वसईहून आलेल्या, सामवेदी ख्रिस्ती कुटुंबातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “फार छान लिहिलंयस, बाळ. पण तुझे आप्पा प्रत्येक पानावर खोकतात आणि आतला एकही माणूस एकदाही खोकत नाही. तीन महिने कोंडलेली माणसं इतकी ठणठणीत कशी राहिली?” लेखकाने वही उघडून तिथल्या तिथे समासात काहीतरी टिपून घेतले. मग बाईंनी शांतपणे एक एक विचारायला सुरुवात केली. आत विहिरी किती होत्या? बायकामुले कुठे होती? मेलेल्यांना पुरायला जागा कुठे होती, आणि रोजचे पाव भाजायला सरपण कुठून येत होते? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर राष्ट्राभिमानाच्या आड येत नव्हते. त्यातले प्रत्येक उत्तर त्या वेढ्याला अधिक खरे करणारे होते. “आणि माझे पूर्वज त्या वेळी तटाच्या आत होते की बाहेर, हे मलाही ठाऊक नाही,” असे बाई शेवटी म्हणाल्या. “कदाचित शेतात असतील.” ऐतिहासिक लेखनावर मी ऐकलेल्या कित्येक व्याख्यानांपेक्षा तो अर्धा तास मला अधिक शिकवून गेला. शत्रूला माणूस करायचे म्हणजे त्याच्या तोंडी उदात्त स्वगते घालायची नसतात. त्याला तहान, ताप, पगाराची थकबाकी आणि घरची आठवण एवढे दिले तरी पुष्कळ होते.

अब्दालीच्या बाबतीत अडचण उलटी आहे. त्याला आपण चेहरा दिला, पण तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच. तो हसतो, मांस खातो आणि रक्ताच्या गोष्टी करतो. बोलतो तेही नाटकातल्या खलपुरुषाच्या धेडगुजरी हिंदीत, आणि ज्याच्या घरची भाषा पश्तू व दरबारची फारसी होती तो असा का बोलेल, हे कोणी विचारत नाही. ऐतिहासिक अब्दाली याहून कितीतरी अधिक विचार करायला लावणारा आहे. नादिरशहाने १७३८ मध्ये कंदाहार जिंकले तेव्हा तिथल्या कैदेतून सुटलेल्यांत हा कोवळ्या वयाचा मुलगा होता. वसई पडली त्या वेळी भाऊ आठ-नऊ वर्षांचे होते आणि आईवेगळे होते. १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाल्यावर अफगाण टोळ्यांनी या तरुणाला पुढारी केले, आणि ज्यांनी केले त्यांना सांभाळत राहणे हेच त्याचे उरलेले आयुष्यभराचे काम झाले. त्याचे सरदार त्याचे चाकर कमी आणि भागीदार अधिक होते. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात त्यांना राहायचे नसे. पानिपतानंतर दिल्ली पायाशी असताना तो तिथे राहिला नाही, काही आठवड्यांतच त्याला परतीची वाट धरावी लागली, कारण थकलेल्या पगारासाठी फौज हातघाईवर आली होती. पानिपतावर जिंकलेल्या माणसाचा हा नाइलाज आपल्या कादंबऱ्यांत येत नाही, कारण तो आला तर आपला पराभव लहान ठरेल अशी भीती वाटते. माझ्या मते तो आला तरच तो पराभव समजतो.

१७६० च्या ऑक्टोबरात काय घडले ते पाहा. भाऊंनी दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुरा जिंकला, धान्य आणि लूट हाती आली, छावणीत आनंद झाला. त्यांचा समज असा, की यमुना दुथडी भरून वाहते आहे आणि शहा पलीकडे अडकला आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली, उतार नीट सापडलेला नसताना, वाहून जाणाऱ्या माणसांची पर्वा न करता. दोन्ही फौजा मग एकमेकींच्या घरच्या वाटेवर येऊन बसल्या. दक्षिणेचा रस्ता अब्दालीने अडवला, काबूल-कंदाहारचा भाऊंनी. ही रचना दोघांपैकी कोणीही योजिली नव्हती. दोघांनी एकमेकांबद्दल केलेल्या चुकीच्या अंदाजांतून ती तयार झाली. पुढचे अडीच महिने दोघेही भुकेला तोंड देत होते, फक्त अब्दालीच्या पाठीशी त्याचा साथीदार रोहिला सरदार नजीबखान याचा दोआब होता आणि भाऊंच्या पाठीशी दक्षिणेचा तुटलेला रस्ता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीचा उरलासुरला धागाही तुटला. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ या सगळ्यानंतर येते. मराठी लेखकाने त्या सकाळी भाऊंच्या मनात शिरावे हे स्वाभाविकच आहे, पण त्याआधीच्या अडीच महिन्यांत यमुनेकडे तोंड करून बसलेल्या त्या दुसऱ्या माणसाकडे पाहिल्याशिवाय भाऊंनी वाट का पाहिली आणि नंतर का पाहिली नाही, यांतले काहीच धड सांगता येत नाही.

पानिपताच्या बाबतीत आपल्याला एक दुर्मीळ साक्षीदार लाभला आहे. अब्दालीला मिळालेला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेला काशिराज त्या दिवशी शत्रूच्या गोटात होता आणि पुढे त्याने फारसीत आपली हकिगत लिहून ठेवली. भाऊंचा शेवटचा निरोप याच्याच हाती आला. पेला काठोकाठ भरला आहे, आता आणखी थेंब मावत नाही, असा तो निरोप. जे वाक्य आपण आपल्या पराभवाचे सर्वांत आर्त वाक्य म्हणून जपतो, ते शत्रूच्या छावणीतल्या एका कारकुनी पेशाच्या माणसाने जतन केले आहे. विश्वासरावांच्या देहाची विटंबना होऊ नये म्हणून शुजाने अब्दालीपुढे शब्द टाकला, आणि मृतांचे संस्कार झाले, हेही आपल्याला त्याच्याकडूनच कळते. हा गोट एकजिनसी नव्हता. त्यात नजीबखान होता तसा शुजाही होता, आणि शुजाच्या मनात आपण चुकीच्या बाजूला तर नाही ना, हा किडा शेवटपर्यंत वळवळत असावा असे काशिराजाचे कथन वाचताना मला वाटत राहते. एवढा ऐवज पुढ्यात असताना अब्दालीच्या तंबूतला प्रसंग लिहिताना लेखकाला नुसते गडगडाटी हसू का सुचावे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आपल्या स्वतःच्या माणसांचेही एकाच रंगात चित्र काढण्याची खोड याच मुळातून येते. बखरींनी भाऊंना हटवादी, तापट, वडीलधाऱ्यांचे न ऐकणारा असे रंगवले आणि ते चित्र दीडशे वर्षे टिकले. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मूळ पत्रे छापली आणि पुढे शेजवलकरांनी पानिपताचा नव्याने विचार केला, तेव्हा कुठे त्या तापटपणामागचा हिशेबी, पैशाच्या विवंचनेत बुडालेला कारभारी दिसू लागला. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याची विवंचना काय असेल!

समोरच्या नेत्याचे मन त्याच्याच कागदांतून कसे उघडते, याचे सर्वांत चांगले उदाहरण मात्र वसईचेही नाही आणि पानिपताचेही नाही, ते मिर्झाराजे जयसिंगांचे आहे. त्यांच्या उदयराज मुन्शीने जमवलेला फारसी पत्रसंग्रह उपलब्ध आहे. तो वाचताना पुरंदरावर चालून आलेला हा सेनापती शिवाजी महाराजांना किती बारकाईने तोलत होता, आदिलशाहीला त्यांच्यापासून तोडण्यासाठी कुणाकुणाला आमिषे दाखवत होता आणि औरंगजेबाला आपल्या यशाची खात्री पटवण्यासाठी किती जपून शब्द योजत होता, हे सगळे दिसते. १६६५ च्या तहात २३ किल्ले गेले, ही आपल्या बाजूची हानी. पण त्या तहानंतर विजापूरच्या मोहिमेत अपयश आल्यावर हेच मिर्झाराजे बादशहाच्या मर्जीतून उतरले आणि १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात मरण पावले. महाराजांची राजकीय प्रतिभा आपल्याला कोणत्याही स्तुतिपर ग्रंथापेक्षा या पत्रांत अधिक जाणवते, कारण त्यांना गिळायला आलेला माणूस त्यांच्याबद्दल किती सावध होता ते तिथे त्याच्याच शब्दांत लिहिलेले आहे.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. शत्रूच्या मनात शिरणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे काय? पोर्तुगिजांनी साष्टी-वसईच्या मुलखात दोनशे वर्षे जे केले, देवळे पाडली, जमिनी हिसकावल्या, धर्माच्या नावाने छळ मांडला, ते सगळे दोन सरदारांच्या तापाच्या आणि तहानेच्या गोष्टींत विरघळून जाणार नाही काय? अंजूरच्या गंगाजी नाईकांनी वर्षानुवर्षे हेलपाटे घालून मराठ्यांना या मोहिमेसाठी उठवले, ते काही हौसेखातर नव्हे. भिवंडीकडून अंजूरला गेले की आजही नाईकांच्या घराण्याचा वाडा आणि गणपती लोक आदराने दाखवतात. तो आदर कमावलेला आहे. म्हणून मी दोन्ही बाजूंना सारखे माप देण्याच्या विरुद्ध आहे. तराजू बरोबरीत ठेवण्यासाठी जुलूम करणारा आणि जुलमाविरुद्ध उठणारा यांना एकाच पारड्यात टाकणे हा अप्रामाणिकपणा होईल. परंतु जुलूम कोणी केला हे नेमके सांगायचे, तर जुलूम करणाऱ्यालाही नाव, हुद्दा आणि हेतू द्यावा लागतो. शिक्षा देणारा पाद्री, सारा वसूल करणारा जमीनदार, तटावर मरणारा शिपाई आणि शेतात राबणारा नवख्रिस्ती कोळी या सर्वांना ‘फिरंगी’ म्हणून एका गठ्ठ्यात बांधले, की खरा गुन्हेगारच त्या गर्दीत सुटून जातो.

शत्रूच्या घरच्या बायकांबद्दल आपण जे लिहितो त्यावरही मला बोलल्याशिवाय राहवत नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. वसईच्या विजयानंतर आप्पांनी एका पोर्तुगीज स्त्रीला सन्मानाने परत पाठवले, अशी तिच्याच वळणाची दुसरी गोष्ट सांगतात. दोन्ही गोष्टी समकालीन कागदांपेक्षा नंतरच्या सांगण्यांतून वाढत गेल्या आहेत. पण मला त्यांच्या खरेखोटेपणापेक्षा त्यांची रचना अधिक बोचते. त्या बाईला गोष्टीत एकही वाक्य नाही. तिला आणले जाते, पाहिले जाते, गौरवले जाते, परत पाठवले जाते. आपल्या नायकाच्या चारित्र्याची कसोटी लागण्यापुरतीच ती तिथे उभी असते. शत्रुपक्षातला सेनापती निदान मारामारी तरी करतो, तिच्या वाट्याला तेही येत नाही. आमच्या मंडळातल्या त्या तरुण लेखकाने हा प्रसंग आपल्या कादंबरीत घेतला, तर तिला पहिले वाक्य बोलायला लाव, असे मी त्याला सांगितले आहे. ती काय बोलेल हे त्याने ठरवायचे आहे. मी चरित्र लिहिते आहे, मला ती मुभा नाही.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. वसईच्या मोहिमेत मिळालेल्या घंटांपैकी ही एक, असे तिच्याबद्दल सांगतात. तिच्या अंगावर १७०७ हा सनाचा आकडा आणि मेरी व बाळ येशू यांची उठावातली आकृती आहे. हाताने चाचपली तर झिजलेल्या कडा बोटांना लागतात. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर तशीच दुसरी आहे, १७२१ ची. या घंटा आपण जिंकल्या, देवाला वाहिल्या आणि त्यांच्यावरची आकृती तशीच राहू दिली, घासून काढली नाही. घंटा ज्यांनी हत्तींवर वा गाड्यांवर लादून घाट चढवून आणल्या, त्यांना त्या आकृतीबद्दल कुतूहल वाटले असेल का, ही शंका मला अनेकदा येते. कागदांत याचे उत्तर नाही. कादंबरीकाराला ही जागा मोकळी आहे आणि मला ती रिकामी सोडावी लागणार, याचा मी हेवा करते हे कबूल करायला हरकत नाही.

माझ्या चरित्रातले आता शरणागतीचे प्रकरण उरले आहे. मे १७३९ मधल्या त्या करारात पोर्तुगिजांना शस्त्रांसह आणि कुटुंबकबिल्यासह सन्मानाने निघून जाण्याची मुभा होती, निघण्यासाठी मुदत होती, आणि मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याचे अभयही होते. हजारो माणसे गमावलेल्या सेनापतीने चार दिवसांपूर्वी ज्यांच्यावर सुरुंग उडवले त्यांना हे देऊ केले. ते त्याच्या उदारपणाचे जितके लक्षण होते, तितकेच त्याच्या घाईचेही, कारण नादिरशहाचे पुढचे पाऊल काय असेल हे तोवर मराठ्यांना नीट कळले नव्हते आणि फौज मोकळी व्हायला हवी होती. सोझा परेराला त्या घाईचा पुरता अंदाज असता, तर त्याने सही करायला आणखी आठवडाभर लावला असता काय, हा प्रश्न मी त्या प्रकरणाच्या मध्यभागी ठेवणार आहे. तिथून निघालेली माणसे मुंबईला इंग्रजांच्या आश्रयाला गेली आणि तो पावसाळा त्यांनी परक्याच्या अन्नावर काढला, हेही त्याच प्रकरणात येईल. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे किल्ल्यावर जरीपटका चढला की प्रकरण संपते. मी ते आणखी चार पाने पुढे नेणार आहे, बोटींतून मुंबईच्या किनाऱ्याला लागलेल्या त्या लोकांपर्यंत. तसेच आप्पांपर्यंतही, ज्यांना यानंतर दीड वर्षाचे आयुष्य उरले होते आणि त्या दीड वर्षात थोरला भाऊही गमवायचा होता. आप्पा आणि सोझा परेरा समोरासमोर आले असा ठाम पुरावा माझ्या हाती नाही, म्हणून त्यांना एका तंबूत बसवून हस्तांदोलन करायला लावण्याचा मोह मी टाळला आहे. करार मध्यस्थांमार्फत इकडून तिकडे जातो आणि तिकडून इकडे येतो, एवढेच लिहिले आहे. प्रत्येक फेरीत तो कागद कोणाच्या हाती किती वेळ राहिला असेल, याचा अंदाज मी दोन्ही बाजूंच्या तारखा पडताळून सध्या बांधते आहे.